दुर्मीळ मातृवंश हाती आला तर: एक्स हॅप्लोग्रुप धरून मूळ आणि वाटा शोधायची रीत

डीएनए चाचणीचा अहवाल उघडला की 'मातृवंश' या मथळ्याखाली एखादं अक्षर आणि त्यापुढे एखाद-दुसरा आकडा दिसतो. हे अक्षर म्हणजे हॅप्लोग्रुप, एकाच पूर्वजेपासून निघालेल्या वंशांच्या गटाचं नाव. बहुतेकांना एच, एम, यू, एल अशी नेहमीची अक्षरं मिळतात. एखाद्याला मात्र एक्स मिळतो. उत्सुकतेपोटी तो माणूस शोधायला बसतो आणि तासाभरात त्याचं डोकं भणभणू लागतं. कुणी सांगतं, हा वंश युरोपातून नावेत बसून अमेरिकेत गेला. कुणी त्याला समुद्रात बुडालेल्या खंडाशी जोडतं. कुणी छातीठोकपणे म्हणतं, हा जगातला सर्वांत जुना वंश. यातलं एकही खरं नाही, आणि जे खरं आहे ते या कहाण्यांपेक्षा कितीतरी सुरस आहे.

मला या लेखात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: अक्षरापाशी थांबू नका, फांदी गाठा. एक्स हे अक्षर सुमारे ३०,००० वर्षांच्या इतिहासाला मिळून दिलेलं एकच नाव आहे. त्याखालची कुठली फांदी तुमची, यावर सगळी गोष्ट ठरते. पुढे एक्सचीच उदाहरणं घेतली आहेत, पण रीत कुठल्याही दुर्मीळ मातृवंशाला लागू पडते.

पहिली पायरी: नेमकं काय मोजलं आहे ते समजून घ्या

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा एक छोटा, वर्तुळाकार डीएनए असतो. त्यात १६,५६९ रासायनिक अक्षरं (ए, सी, जी, टी यांपैकी एकेक) आणि ३७ जनुकं. हा डीएनए आपल्याला आईकडून मिळतो. मुलालाही मिळतो आणि मुलीलाही, पण पुढच्या पिढीला देते ती फक्त मुलगी. म्हणजे तुम्ही, तुमची आई, तिची आई, पणजी, खापरपणजी अशी एकच सरळ दोरी मागे जाते. दहा पिढ्या मागे गेलात तर कागदोपत्री तुमचे १,०२४ पूर्वज भरतात. त्यांतल्या एकाच बाईबद्दल हा अहवाल बोलतो. बाकीच्या १,०२३ जणांविषयी तो मूक आहे, हे सतत ध्यानात ठेवा.

नात्यांत सांगायचं तर तुमची मावशी, मावसभावंडं आणि मामा यांचा मातृवंश तुमचाच. मामाच्या मुलांचा मात्र वेगळा, कारण त्यांना तो मामीकडून आला. वडिलांच्या आईचा वंश हवा असेल तर नमुना वडिलांचा, काकांचा, आत्याचा किंवा आत्याच्या मुलांचा घ्यावा लागतो. काकांच्या मुलांचा घेऊन उपयोग नाही. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते आणि चाचणीचे पैसे वाया जातात, म्हणून नमुना देण्याआधी ही दोरी कागदावर काढून बघा.

आणखी दोन गैरसमज लगेच दूर करू. एक्स हॅप्लोग्रुपचा एक्स गुणसूत्राशी काहीही संबंध नाही, नावाचं अक्षर तेवढं सारखं आहे. दुसरं, अक्षरांचा क्रम वयाचा क्रम नव्हे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या अभ्यासात ए, बी, सी, डी ही अक्षरं आधी वापरली गेली आणि पुढची हळूहळू जोडत गेली. सर्वांत जुन्या फांद्या आफ्रिकेतल्या आहेत आणि त्यांचं अक्षर एल आहे.

दुसरी पायरी: चाचणी कुठल्या प्रकारची आहे ते पाहा

तीन प्रकार भेटतात. पहिल्यात चिपवर निवडक स्थानं तपासतात. त्यातून 'एक्स' किंवा 'एक्स२' एवढं कळतं आणि तिथेच गाडी अडते. दुसऱ्यात नियंत्रण विभागाचा, म्हणजे जनुकं नसलेल्या पट्ट्याचा, भरभर बदलणारा तुकडा वाचतात. जुने अहवाल आणि न्यायवैद्यक कामातले बरेचसे अहवाल या प्रकारचे असतात. तिसऱ्यात सगळीच्या सगळी १६,५६९ अक्षरं वाचतात.

वंश दुर्मीळ निघाला असेल तर तिसरी चाचणी करा. कारण साधं आहे. एक्सची ओळख पटवणाऱ्या बदलांपैकी १६१८९ आणि १६२७८ ही स्थानं नियंत्रण विभागात येतात, पण ६२२१, ६३७१, १३९६६ आणि १४४७० ही त्याच्या बाहेर. पुढे एक्स२ए ही अमेरिकेतली फांदी ठरवणारे ८९१३ आणि १४५०२ हे बदलही बाहेरच आहेत. तुकडा वाचून फांदी सांगणं म्हणजे पुस्तकाचं एक पान वाचून शेवट सांगणं.

तिसरी पायरी: फरकांची यादी वाचायला शिका

पूर्ण चाचणीत तुमचा सगळा डीएनए छापून देत नाहीत. एका ठरलेल्या संदर्भप्रतीशी तुलना करून जिथे जिथे फरक पडला तेवढ्या जागांची यादी देतात. ही संदर्भप्रत १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये वाचली गेली आणि १९९९ मध्ये तपासून दुरुस्त केली गेली. दुरुस्ती करताना कळलं की ३१०७ पाशी एक अक्षर चुकून जास्त मोजलं गेलं होतं. पण ते काढलं तर पुढचे सगळे क्रमांक एकने सरकणार, तोवर छापलेले सगळे शोधनिबंध गोंधळणार. म्हणून ती जागा रिकामी ठेवून क्रमांक आहे तसेच चालू ठेवले. आजही यादीत ३१०७ दिसलं तर घाबरू नका. तो तुमचा बदल नव्हे, ती जुन्या मोजणीची खूण आहे.

आता यादीतला मोठा सापळा. संदर्भप्रत ही मानवजातीची मूळ प्रत नव्हे. ती एका युरोपीय वंशाच्या व्यक्तीची आहे आणि एच हॅप्लोग्रुपच्या एका बारीक फांदीवर बसते. तिचेही स्वतःचे बदल आहेत. २६३, ८८६० आणि १५३२६ या तीन जागा जवळपास प्रत्येकाच्या यादीत 'फरक' म्हणून येतात, कारण तिथे बदलली आहे ती संदर्भप्रत, बाकीचं जग जुनंच अक्षर बाळगून आहे.

एक्सच्या माणसाच्या यादीत १२७०५ आणि १६२२३ हे दोन आकडे हटकून असतात, आणि अनेक जण तेच आपल्या वंशाचं वैशिष्ट्य समजतात. प्रत्यक्षात उलटं आहे. आफ्रिकेबाहेर पडलेल्या एन या मोठ्या फांदीतून एक्सही निघाला आणि आर नावाची फांदीही. आर फांदीत १२७०५ आणि १६२२३ इथली अक्षरं बदलली. संदर्भप्रत आरच्याच वंशातली, त्यामुळे तिच्यात बदललेली अक्षरं आहेत आणि एक्समध्ये मूळची. दोन बहिणींपैकी एकीने आडनाव बदललं आणि यादी मात्र दुसरीच्या नावापुढे 'आडनाव वेगळं' असा शेरा मारते, तसा हा प्रकार. ही गोष्ट एकदा मनात बसली की अर्धी लढाई जिंकलीत.

१६१८९ ही जागा जरा जवळून पाहू. संदर्भप्रतीत इथे टी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सी ची रांग. एक्समध्ये हा मधला टी जाऊन सी आला, त्यामुळे १६१८४ ते १६१९३ अशी सलग सी, सी, सी ची माळ तयार होते. अशा सलग माळेची नक्कल करताना पेशीचीही चूक होते आणि यंत्राचीही. कुठे एक सी जास्त, कुठे एक कमी. म्हणूनच एक्सच्या अनेक अहवालांत १६१९३ च्या पुढे जादा सी घुसल्याची नोंद दिसते. त्या नोंदीवरून फांदी ठरवू नका, नातंही जोडू नका. ३०९ आणि ३१५ च्या पुढच्या जादा सीलाही हेच लागू.

एखाद्या जागी एकाऐवजी दोन अक्षरं दिलेली असतील तर ती बहुधा छपाईची चूक नसते. एकाच शरीरात दोन तऱ्हेचे मायटोकॉन्ड्रिया असू शकतात. येकातेरिनबुर्गजवळ १९९१ मध्ये उकरलेल्या अवशेषांत रशियाचा सम्राट झार निकोलस दुसरा याच्या हाडांत १६१६९ या जागी सी आणि टी दोन्ही सापडले, आणि त्यावरून बराच वाद झाला. मग त्याचा भाऊ ग्योर्गी याच्या अवशेषांतही त्याच जागी तीच जोडी निघाली आणि १९९६ मध्ये वाद मिटला. शंका म्हणून पाहिलेली गोष्टच सर्वांत भक्कम पुरावा ठरली.

चौथी पायरी: झाडावर आपली जागा शोधा

मातृवंशाचं झाड सगळ्यांना खुलं आहे. मॅनिस व्हॅन ओव्हेन आणि मॅनफ्रेड केसर यांनी २००९ मध्ये फायलोट्री हे झाड मांडलं. त्याची १७ वी आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये आली आणि अनेक साधनं आजही तिच्यावर चालतात. हॅप्लोग्रेप हे साधन इन्सब्रुकच्या संशोधकांनी बनवलेलं आहे. त्यात आपली फरकांची यादी टाकली की ते फांदी सुचवतं आणि कुठले अपेक्षित बदल सापडले, कुठले सापडले नाहीत, कुठले जादा आहेत, तेही दाखवतं.

फांदीच्या नावाखालचे हे तपशील नावाइतकेच मोलाचे. ६२२१, ६३७१, १३९६६, १४४७०, १६१८९, १६२७८ सापडले म्हणजे एक्स. त्याखाली १९५ आणि १७१९ असतील तर एक्स२. त्याखाली १२३९७, ८९१३, १४५०२ आणि १६२१३ असतील तर एक्स२ए. वरून खाली असं एकेक गाठ मोजत उतरा. मधली एखादी गाठ सापडली नाही तर दोन शक्यता असतात: तिथलं वाचन निसटलं, किंवा ते अक्षर मागे फिरून पुन्हा जुनं झालं. नियंत्रण विभागातल्या जागा अशा मागे-पुढे फिरतात, म्हणून केवळ १९५ किंवा १६१८९ वर भिस्त ठेवू नका.

शेवटी जे जादा बदल उरतात ते एका वहीत वेगळे लिहून ठेवा. ते तुमच्या आजी-पणज्यांच्या दोरीवर अलीकडे पडलेले ठसे आहेत. पुढेमागे जगात कुठेतरी दुसऱ्या कुणाच्या यादीत त्यातले दोन सापडले तर तिथे नवी फांदी जन्माला येते. दुर्मीळ वंशाच्या माणसाला हे भाग्य एचवाल्यापेक्षा खूप जास्त वेळा लाभतं.

पाचवी पायरी: 'दुर्मीळ' म्हणजे कुठे आणि कधी, हे विचारा

दुर्मीळ या शब्दाला एकटं काही अर्थ नाही. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका इथे एक्स साधारण २ टक्के लोकांत मिळतो. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांभोवतीच्या ओजिब्वे लोकांच्या तपासलेल्या नमुन्यांत तो सुमारे २५ टक्के निघाला. एकच अक्षर इथे विरळा आणि तिथे चारात एक.

काळाचंही तसंच. २००५ मध्ये वोल्फगांग हाक आणि सहकाऱ्यांनी मध्य युरोपातल्या सुमारे ७,५०० वर्षांपूर्वीच्या पहिल्या शेतकऱ्यांचे २४ सांगाडे तपासले. त्यांपैकी ६ जणांत एन१ए हा मातृवंश निघाला. आजच्या युरोपात तो ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या वंशाला आज 'अतिदुर्मीळ' म्हणून आपण चकित होतो, तो एके काळी त्या वस्त्यांत चौथा हिस्सा होता.

वंश असे का आटतात? यात कुणाचा पराक्रम नाही, कुणाचा कमकुवतपणाही नाही. एखाद्या बाईला सगळे मुलगेच झाले की तिची दोरी तिथे संपते, मग तिला नातवंडं डझनभर असोत. छोट्या वस्तीत दोन-तीन पिढ्या असं घडलं की वंश विझतो. त्याच वस्तीत दुसऱ्या एखादीला पाच मुली झाल्या की तिचा वंश फोफावतो. आल्प्समध्ये बर्फात सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी मेलेला ओट्झी हा माणूस के१एफ या फांदीवरचा. २०१६ च्या अभ्यासात के१ चे हजाराहून अधिक आधुनिक नमुने त्याच्याशी ताडून पाहिले, त्याची फांदी कुणातही मिळाली नाही. त्याच्या पितृवंशाचे लोक मात्र आजही आहेत.

दुर्मीळपणाचा उपयोगही होतो. २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा याचा सांगाडा सापडला. तो १४८५ मध्ये लढाईत पडला होता. त्याच्या बहिणीच्या मुलीकडून चालत आलेल्या दोन आजच्या वंशजांशी डीएनए ताडला. एकाशी पूर्ण जुळला, दुसऱ्याशी एका अक्षराचा फरक. पण खरं वजन आलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे: युरोपातल्या २६,१२७ नमुन्यांच्या संग्रहात त्याच्या नियंत्रण विभागाशी जुळणारा एकही नव्हता. एचमधली सर्वसामान्य फांदी असती तर तीच जुळणी योगायोग म्हणून झटकता आली असती.

सहावी पायरी: मूळ शोधताना गर्दी मोजू नका, विविधता मोजा

या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. नवखा माणूस नकाशा उघडतो, सर्वांत गडद रंग कुठे आहे ते पाहतो आणि म्हणतो, 'मूळ तिथलं.' या हिशेबाने एक्सचं मूळ अमेरिकेत निघेल. पण अमेरिकेतल्या त्या २५ टक्क्यांत जवळजवळ सगळे एक्स२ए या एकाच फांदीचे. झाडाचं एकच टोक तिथे पोचलं आणि तिथे दाट पसरलं.

पश्चिम आशियात टक्केवारी कमी, पण फांद्या कितीतरी. एक्सच्या दोन मुख्य शाखा, एक्स१ आणि एक्स२. एक्स१ मुख्यतः उत्तर आणि पूर्व आफ्रिकेत आणि जवळच्या पश्चिम आशियात. एक्स२ पश्चिम आशिया, कॉकेशस, युरोप अशी दूरवर. दोघी एकत्र, आपापल्या वेगवेगळ्या उपफांद्यांसह, पूर्व भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात भेटतात. उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या द्रूझ या छोट्या धार्मिक समाजावरचा २००८ चा अभ्यास इथे फार बोलका आहे. द्रूझ लोक शतकानुशतकं आपसातच लग्नं करत आले, त्यामुळे आजूबाजूला विरळ झालेल्या एक्सच्या फांद्या त्यांच्या डोंगराळ गावांत टिकून राहिल्या. प्रमाणही जास्त आणि विविधताही जास्त. संशोधकांनी त्या समाजाला जुन्या मातृवंशांचं आश्रयस्थान म्हटलं, आणि मला तो शब्द अगदी नेमका वाटतो.

मारे रेइडला आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक्सचं पूर्ण झाड मांडलं, तेव्हा एक्स२ ची वाढ शेवटच्या हिमयुगाच्या कडक थंडीच्या आगेमागे, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं दिसलं. पुढे शेतीचं ज्ञान घेऊन आनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, युरोपात शिरलेल्या लोकांबरोबरही एक्स२ गेला. वायव्य आनातोलियातल्या बार्जिन इथल्या ८,००० वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांच्या हाडांत तो सापडला आहे.

सातवी पायरी: काळाचा हिशेब सैल हाताने करा

पेड्रो सोआरेस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढलेला दर असा: संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनएत एका दोरीवर सरासरी ३,६२४ वर्षांना एक बदल. यावरून तुम्हीच हिशेब करा. तुमची आणि दुसऱ्या कुणाची पूर्ण यादी जुळली आणि समाईक पूर्वजा १,००० वर्षांपूर्वीची असली, तर दोन्ही दोऱ्यांवर मिळून २,००० वर्षं झाली. त्या काळात एकही बदल न होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त येते.

म्हणजे 'शंभर टक्के जुळणी' पाहून कुणाला दूरची मावशी समजून पत्र लिहायच्या आधी थांबा. ती पाच पिढ्यांपूर्वीची असू शकते, पन्नास पिढ्यांपूर्वीचीही. अलीकडचं नातं ठरवायला बाकीच्या गुणसूत्रांची चाचणी आणि कागदपत्रं लागतात. उलट, एखादं अक्षर जुळलं नाही म्हणून नातं नाकारूही नका. रिचर्डच्या दुसऱ्या वंशजाचं उदाहरण समोर आहेच.

आठवी पायरी: कहाणी ऐकली की हाडांना विचारा

आता त्या नावेच्या कहाणीकडे येऊ. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत एक्स असल्याचं सिद्ध झालं. बाकीचे चार वंश, ए, बी, सी आणि डी, पूर्व आशियात आणि सायबेरियात सर्रास मिळतात. एक्स तिथे जवळपास नाहीच, आणि युरोपात आहे. मग डेनिस स्टॅनफर्ड आणि ब्रूस ब्रॅडली या पुरातत्त्वज्ञांनी मांडलेल्या कल्पनेला धार आली: हिमयुगात फ्रान्स-स्पेनकडचे सोल्युट्रियन लोक अटलांटिकच्या बर्फाच्या कडेकडेने अमेरिकेत पोचले असतील. दगडी पात्यांतलं साम्य त्यांच्या हाताशी होतंच.

अक्षर पाहिलं तर ही कल्पना पटते. फांदी पाहिली की पटत नाही. अमेरिकेतली एक्स२ए युरोपातल्या कुठल्याच फांदीतून निघालेली नाही. २००१ मध्ये सायबेरियाच्या अल्ताई लोकांत एक्स सापडला तेव्हा दुवा मिळाल्याचा आनंद झाला, पण तोही टिकला नाही. ती फांदी एक्स२ई, पश्चिमेकडून बरीच उशिरा आलेली, एक्स२ए ची आई नव्हे. दोन्ही बाजूंना हीच शिस्त लावावी लागते, आपल्याला आवडणारं उत्तर असलं तरी.

उत्तर आलं ते जुन्या हाडांतून. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी केनेविक इथे सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा सांगाडा सापडला. कवटीच्या आकारावरून काहींनी तो युरोपीय ठेवणीचा असल्याचं सांगितलं. स्थानिक आदिवासी समाज मात्र तो आपला पूर्वज असल्याचं सांगत राहिले, आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात गाजलं. २०१५ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला. मातृवंश एक्स२ए, तोही त्या फांदीच्या अगदी बुडाजवळचा. आणि बाकीचा सगळा जनुकसंच? आजच्या अमेरिकी मूळ रहिवाशांच्या सर्वांत जवळचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोलंबिया खोऱ्यातल्या समाजांनी त्याला पुन्हा जमिनीत ठेवलं. कवटी पाहून दिलेल्या मताखाली एका समाजाचं म्हणणं वीस वर्षं दबून राहिलं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

सायबेरियाच्या रिकाम्या जागेचंही कोडं बरंच सुटलं आहे. बैकल सरोवराजवळच्या माल्टा इथल्या २४,००० वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जनुकसंच २०१४ मध्ये छापून आला. त्यातून दिसलं की आज पश्चिमेकडच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांचे दूरचे नातलग तेव्हा सायबेरियात राहत होते, आणि अमेरिकी मूळ रहिवाशांच्या वारशाचा १४ ते ३८ टक्के भाग त्यांच्याकडून आला. त्या मुलाचा स्वतःचा मातृवंश यू होता. अशा लोकांतून एक्स२ए ची पूर्वजा बेरिंगच्या, म्हणजे सायबेरिया ते अलास्का अशा, वाटेने पुढे गेली आणि मागे राहिलेल्या तिच्या बहिणींच्या दोऱ्या तुटल्या, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही उरत नाही. जेनिफर रॅफ आणि डेबोरा बोल्निक यांनी २०१५ मध्ये हे सगळे पुरावे एकत्र तपासले आणि अटलांटिकच्या वाटेला आधार नसल्याचा निर्वाळा दिला.

आइसलँडचं उदाहरणही जाता जाता बघा. तिथल्या काही लोकांत सी१ मिळाला, जो अमेरिकेतला म्हणून प्रसिद्ध. साहजिकच व्हायकिंगांनी अमेरिकेतून एखादी बाई आणली असेल, अशी चर्चा झाली. २०११ मध्ये ११ जणांचा पूर्ण डीएनए वाचला, तर फांदी निघाली सी१ई, अमेरिकेतल्या आणि आशियातल्या कुठल्याच ज्ञात फांदीत न बसणारी. २०१४ मध्ये वायव्य रशियातल्या सुमारे ७,५०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत सी१ ची आणखी एक वेगळी फांदी, सी१एफ, सापडली. म्हणजे सी१ उत्तर युरोपात व्हायकिंगांच्या फार आधीपासून होता.

नववी पायरी: जगाला दाखवण्याआधी घरच्यांना विचारा

पूर्ण यादी खुल्या संग्रहात दिली तर विज्ञानाला मदतच होते, आणि दुर्मीळ वंशाची एकेक यादी खरोखर मोलाची असते. पण त्या यादीत आरोग्याची माहितीही असू शकते. ११७७८ या जागेचा एक बदल तरुणपणी दृष्टी जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराशी जोडलेला आहे. १५५५ चा एक बदल असेल तर काही प्रतिजैविकांनी बहिरेपण येऊ शकतं. असं काही दिसलं तर स्वतः निदान न करता आधी जनुकतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. आणि ही यादी तुमच्या एकट्याची नाही. ती आईची आहे, मावशीची आहे, मामाची आहे, बहिणीची आणि तिच्या मुलांची आहे. त्यांना सांगा, त्यांचं ऐका, मग ठरवा.

सोबत घरच्या वहीत एक पान करा. त्यावर फांदीचं पूर्ण नाव, ती कुठल्या झाडाच्या कुठल्या आवृत्तीप्रमाणे आणि कुठल्या तारखेला ठरवली ते, सगळे जादा बदल, आणि आईच्या आईच्या आईपासून जितक्या बायकांची नावं आणि गावं मिळतील तितकी लिहा. फांद्यांची नावं बदलतील, नव्या फुटतील, तेव्हा तारीख आणि आवृत्ती उपयोगी पडेल. बायकांची माहेरची नावं मात्र कुठलंच यंत्र काढून देणार नाही. ती ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांच्याकडे या आठवड्यातच जा.